परत न दिलेले खण

आई, तुझ्या कपाटातले चोळीचे खण काल मी बाहेर काढले. मावशीने दर गौरीला तुझी ओटी भरताना दिलेले. त्यातला एकही शिवलेला नाही. लहानपणी त्यातला एक हिरवा मी सायकल पुसायला घेतला होता, तेव्हा तू केवढी ओरडली होतीस. "ठेव तो आधी! आपला नाही तो, परत द्यायचाय." मला वाटलं, दुकानात परत द्यायचा असेल. मग इस्पितळात, अगदी शेवटी, तू पुन्हा तेच म्हणालीस. "ते खण तेवढे ताईला देऊन टाक रे." तोवर मला कारण कळलं होतं, म्हणून नुसतं हो म्हटलं आणि खण होते तिथेच राहू दिले.

कारण काय, सगळ्या चाळीला ठाऊक होतं. डिलाईल रोडला आजीची गिरणी कामगारांची खाणावळ. घरात सगळे काळेसावळे आणि तू एकटी गोरी, घाऱ्या डोळ्यांची. नळावरच्या बायका म्हणायच्या, ही गिरणीच्या गेटवर सापडली, खाणावळवालीने उचलून आणली. थट्टेतच म्हणायच्या, पण असली थट्टा धुतल्याने जात नाही. आजी त्यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दोन पाळ्यांच्या भाकऱ्या थापणारी बाई ती, नळावरच्या गप्पांना कुठे उत्तरं देत बसणार? ती गेली आणि विचारायला कोणी उरलं नाही. तू मात्र धाकट्या बहिणीचा मान घेत राहिलीस आणि दुसऱ्याची ठेव असावी तसा जपून ठेवत राहिलीस.

मावशीच्या मनात असलं काही नसेल, असं मी धरून चाललो होतो. यंदा गौरींचं विसर्जन झाल्यावर तिने मला बोलावून घेतलं. चाळीच्या जागी टॉवर झालाय, वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून असते ती. म्हणाली, "तुझी आवस जन्माक इली तेव्हा मी गावाक होतंय. परत इलंय तर पाळण्यात चेडू. आयेक विचारूचो धीर झालो नाय. पण माका कळाक होया रे, मरूच्या आधी."

म्हणून मी डीएनएची तपासणी मागवली. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणे फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात काही हात नसतो. मी वाचलं आणि माझ्या अकलेप्रमाणे समजलो, की हे बायकांचं बायकांकडे जाणारं, दागिन्यांसारखं. त्यात माझं काय काम? एक नळी मावशीची पाठवली आणि दुसरी माझ्या मुलीची. तू तिला पाहिलं नाहीस. डोळे थेट तुझे.

निकाल आला. दोघींच्या वंशाच्या शाखा वेगळ्या, कुठेच जुळत नव्हत्या. मावशी रोज फोन करायची, "इला काय रे?" आणि मी सांगायचो, लॅबवाले वेळ लावतायत. इतक्या वर्षांनी नळावरच्या बायका खऱ्या ठरल्या, याचा मला राग येत होता.

शेवटी बायकोने तो कागद माझ्या हातातून ओढून घेतला. वाचला आणि हसायलाच लागली. "अहो, हे माझ्या आईचं आलंय! पोरीला जन्म कोणी दिला? आडनाव तुमचं, कुलदैवत तुमचं, एवढं एक तरी गिरगावच्या माहेराकडचं राहू द्या की! तुमच्या आईचं हवं असेल तर तुम्ही थुंका."

थुंकलो. माझं आणि मावशीचं अक्षर न अक्षर जुळलं. आईकडून मुलग्यालाही ते मिळतं, फक्त त्याच्याकडून पुढे जात नाही. तुझं ते माझ्यापाशी येऊन थांबलंय. आता जुळलं म्हणजे तुम्ही सख्ख्याच, असं तो कागद छातीठोक सांगत नाही. दोघी एका आईच्या वंशातल्या, एवढंच सांगतो. पण गेटवर सापडलेलं पोर नेमकं आजीच्याच वंशातलं कसं निघेल? आणि घारे डोळे कोकणात काय कमी आहेत? मला तरी तेवढं पुरलं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.

मावशीला सांगायला गेलो तेव्हा ती नारळ खवत होती. ऐकलं आणि हात तसाच थांबला. "माझीच मगे," म्हणाली, आणि रडली, आणि रडता रडता तुझ्यावर चिडली. "तिच्या आंगार माझो खण कधी दिसलो नाय. माका वाटायचा, माझा दिलेला तिका आवडणा नाय." मग मी तिला तुझं कारण सांगितलं. तिने खवणी बाजूला सारली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "खुळी ती. आणि खुळी मीय."

तो हिरवा खण आज शिंप्याकडे टाकला, मुलीच्या मापाचं पोलकं शिवायला. तिच्यात तुझं मायटोकॉन्ड्रिया नसेल, डोळे आहेत. बाकीचे घडी घालून परत कपाटात ठेवतोय आणि हा कागदही त्यांच्यातच. मावशीला ते देणार नाही, आई, ते तुझेच आहेत. आणि खरं सांगू? निकाल उलटा आला असता, तरी दिले नसते.