न्यूटना मूग

३ ऑगस्ट, रविवार
न्यूट आणले, पाण्यात राहणारे, पालीसारखे दिसणारे पण बेडकाच्या जातीतले. तीन. अख्ख्या जुन्नरात कोणाकडे नाहीत. मासे काय, केस कापायच्या दुकानातसुद्धा असतात. पुण्याच्या अ‍ॅक्वेरियमवाल्याने विचारलं, आधी काही पाळलंय का. म्हणालो, कापडाचं दुकान आहे, वीस वर्षं गिऱ्हाईकं पाळतोय. तो म्हणाला, ही पिल्लं आहेत, हलतं तेच खातात. गांडूळ, डासांच्या अळ्या, पाण्यातले बारीक किडे. मी सांगितलं, आम्ही जैन आहोत. तो म्हणाला, तुम्ही असाल, हे नाहीत. पुण्याचा माणूस, दुसरं काय बोलणार.

काचेची टाकी मागच्या पडवीत ठेवली. नावं: संयम, संतोष, समता. खुशबू म्हणाली, पुण्याला माल आणायला पाठवलं तर तुम्ही पाली आणल्या. पाल कोरडी असते, हे बायकोला माहीत नाही. बी.कॉम. आहे म्हणे. आईने विचारलं, खातात काय. म्हणालो, मूग. आई म्हणाली, चांगलं, पचायला हलका असतो.

४ ऑगस्ट
काही खाल्लं नाही. प्रवासाचा शीण. नारायणगावचं ट्रॅफिक माणसाला सोसत नाही, हे तर न्यूट.

६ ऑगस्ट
मूग भिजवून, वाटून बारीक गोळ्या केल्या. बघितलंही नाही. मग पिवळी डाळ, खाकऱ्याचा चुरा, राजगिरा. टाकीचं ताक झालं. खुशबूने पाणी बदललं आणि बदलताना जेवढं बोलायचं तेवढं बोलली.

थिअरी: मांसाहार ही सवय आहे, गरज नाही. लहान वयात वळण लावलं की लागतं. हे त्या अ‍ॅक्वेरियमवाल्याला कळलं असतं तर तो अ‍ॅक्वेरियमवाला राहिला नसता.

७ ऑगस्ट, दुपार
हलतं तेच खातात ना? ठीक. मुगाची गोळी दोऱ्याला बांधून नाकासमोर नाचवली. टाकी दुकानात आणली होती, म्हणजे गल्ला आणि प्रयोग दोन्ही सांभाळता येतील. तळेघरचा दादाभाऊ शर्टपीस घ्यायला आला आणि शर्टपीस सोडून हेच बघत बसला. शेवटी म्हणाला, हितेशशेठ, आमी म्हशीला बी दोरीनं चारत न्हाई. मग म्हणाला, दोन गांडुळं टाका, लई झालं. याला मी सायन्स काय समजावणार? शर्टपीसही त्याने पॉलिस्टरचा घेतला.

८ ऑगस्ट
संयमच्या बरगड्या दिसायला लागल्या. समता एका जागी पडून असते. डिवचलं की हलते, एवढंच. भीती वाटली. पर्युषण तोंडावर आलंय आणि माझ्या घरात तीन जीव उपाशी मरायला टेकलेत. खुशबू म्हणाली, परत देऊन या. परत द्यायला ती साडी आहे का?

९ ऑगस्ट
आज एक वेगळं काम मार्गी लावलं. आईला नळाचं पाणी चालत नाही. गच्चीवरच्या पिंपातलं पावसाचं पाणी आणायचं, खाली फडक्याने गाळायचं, आणि फडक्यात जे बारीक जीव उरतात ते मरू नयेत म्हणून परत वर जाऊन पिंपात सोडायचे. घराण्याची रीत आहे, आईने एक दिवस चुकवलेली नाही. पण जिना शेवाळलाय आणि आईचे गुडघे गेलेत. आज पाय घसरता घसरता वाचली. मी म्हणालो, वर कशाला जातेस, ही पडवीतली टाकी आहे की, पाणी ते पाणी, इथेच फडकं खळबळ. आईला पटलं. म्हणाली, सोबत होईल त्यांना. इतकी वर्षं हे कोणाला सुचलं नव्हतं. या घरात विचार करणारा मी एकटाच.

१२ ऑगस्ट
खातायत. तिघंही. पोटं गोल झालीत, समता पोहते. सकाळी गोळ्या टाकून दुकानात जातो, दुपारी येऊन बघतो तर एक गोळी नाही. मी बघत असलो की खात नाहीत, लाजाळू जात आहे. खुशबूला विचारलं तर म्हणाली, तुमच्या गोळ्या मी रोज चमच्याने उपसून टाकते, वास मारतात. उष्टं उपसत असेल. पोटातलं कसं उपसणार?

मूग जिंकला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला सोहनलालजी भेटले. समाजाचे अध्यक्ष. किराण्याचं दुकान, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज. त्यांना म्हणालो, मांसाहारी प्राणी मुगावर आणलेत. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? म्हणालो, लिहून देतो. पर्युषणात रविवारी समाजाच्या हॉलमध्ये जीवदयेवर कार्यक्रम आहे, तिथे प्रात्यक्षिक ठेवलं. दरवर्षी तिथे कोणीतरी पाठ केलेलं भाषण करतं आणि लोक झोपतात. यंदा जागे राहतील.

आईला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तुझ्या हातून चांगलं काम झालं. मलाही भरून आलं. आई असं सहसा बोलत नाही. दुकान वाढवलं तेव्हाही बोलली नव्हती.

१९ ऑगस्ट
संयमने दोन बोटं अंग धरलं. आईचं फडकं दिसलं की तिघंही काचेला येऊन चिकटतात. तिच्यावर माया लागली असणार. आईला मोतीबिंदूमुळे ते नीट दिसत नाहीत, पण रोज दोन शब्द बोलून जाते. दादाभाऊ आला होता, पॉलिस्टर आटलं म्हणून. टाकीत बघून म्हणाला, मुगावर एवढी? आमच्या पोरान्ला बी घालतो मग. कुजकट बोलणं एकेकाच्या रक्तातच असतं.

२३ ऑगस्ट
उद्या प्रात्यक्षिक. मोठ्या बरणीत नवं, स्वच्छ, दोनदा गाळलेलं पाणी भरून ठेवलं. सकाळपासून काही द्यायचं नाही अशी घरात ताकीद दिली, म्हणजे भूक राहील. खुशबू म्हणाली, एकदा घरी आपल्यासमोर खाऊन दाखवू देत, मग न्या. शंकेखोर स्वभाव. माहेरचा आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो, नाहीतर लोक भलतंच सांगतील.

हॉल भरला होता. मी अर्धा तास बोललो. मग गोळी टाकली. संयमच्या डोक्यावर पडली आणि तिथेच राहिली. दुसरी टाकली. संतोषने पाठ फिरवली. मी सांगितलं, लाजाळू आहेत, सगळ्यांनी डोळे मिटा. सगळ्यांनी मिटले, सोहनलालजींनीसुद्धा. उघडले तेव्हा गोळ्या तशाच. मागून कोणीतरी म्हणालं, यांनी उपवास धरलेला दिसतोय. लोक हसले. अडाणी समाज.

आई हॉलच्या मागे पिण्याचं पाणी गाळत होती. तिला वाटलं, कार्यक्रम संपला. फडकं घेऊन पुढे आली आणि रोजच्यासारखं हळूच बरणीत खळबळलं. हॉलच्या पिंपातलं पाणी, अळ्या चांगल्या नखाएवढ्या, वळवळत होत्या. तिघांनी झडप घातली. संयमने तर एक अर्धी तोंडात असताना दुसरी धरली. पुढच्या रांगेतल्या बायका ओरडल्या, अहो सूरजबाई, खातायत ते, तुमचे जीव खातायत.

आईला दिसलं नाही. मला म्हणाली, काय झालं रे? मी बरणीचं झाकण शोधायला लागलो. खुशबूने सांगितलं.

आई तिथेच खुर्चीवर बसली. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलली, ज्यांना वाचवायला गेले त्यांना मी रोज माझ्या हाताने घास करून घातलं. घरी आल्यावर संवत्सरीपर्यंत, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसापर्यंत उपवास घेतला, फक्त पाणी.

तांत्रिक चूक हॉलच्या व्यवस्थापनाची. पिंप धुतलं नव्हतं.

२५ ऑगस्ट
आईला शुगर आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढे दिवस नको. मी मुगाचं पाणी करून नेलं. तोंड फिरवलं. कोमट करून नेलं. वाटी बदलून नेली. खोलीत कोणी नको म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराआडून बघत बसलो. खुशबू मागून म्हणाली, आईंपुढे दोरा नका नाचवू म्हणजे झालं.

न्यूटही उपाशी आहेत. फडकं आता परत गच्चीवर जातं, खुशबू नेते.

२६ ऑगस्ट
आईला चक्कर आली. मी हात जोडले. म्हणालो, चूक माझी, टाकी दाखवली मी, तू कशाला भोगतेस? आई म्हणाली, माझं मी बघेन. पण त्या मुक्या जिवांना उपाशी मारू नकोस. जो त्यांना त्यांचं खाणं देतो त्याच्याकडे दे. मूग खाणारा मूग खाईल, दुसऱ्याच्या ताटात कशाला हात घालतोस? मग कूस बदलून पडून राहिली. मी रडलो. पानाला पाणी लागलं म्हणून लिहून ठेवतो, बाकी काही नाही.

दादाभाऊला फोन केला. तो एसटीने आला आणि निळ्या बादलीत तिघांना घेऊन गेला. तळेघरला गारवा आहे, सिमेंटचं टाकं आहे, बाकी तो बघेल. मी त्याला काळजी घेण्याच्या सूचना दोन पानं लिहून दिल्या. त्याने पानं बादलीवर झाकण म्हणून लावली.

२८ ऑगस्ट, सकाळ
काल संवत्सरी झाली, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. सगळ्यांनी माझी क्षमा मागितली, हसल्याबद्दल. मागताना पुन्हा हसले. मी मोठ्या मनाने सगळ्यांना क्षमा केली. सोहनलालजींना दोनदा करावी लागली.

आज आईचं पारणं. मुगाचं पाणी मी स्वतः केलं, चमचा घेऊन पहाटेपासून बसलो. आईने माझ्याकडे बघितलं, डोक्यावरून हात फिरवला आणि खुशबूच्या हातून प्यायली. पूर्ण वाटी. वर अजून मागितलं.

तेवढ्यात दादाभाऊचा फोन. म्हणाला, शेठ, गांडूळ दावलं की हातावर येत्यात, लई माणसाळल्यात. मी म्हणालो, वळण माझं आहे. तो म्हणाला, व्हय.

म्हणजे सगळे खातायत. माझ्या हातचं तेवढं कोणी खात नाही. वाटीभर मुगाचं पाणी उरलं होतं, ते मी प्यायलो. अळणी होतं. मीठ घालायचं राहिलं होतं, आणि ती निळी बादलीही आपलीच होती. दादाभाऊ परत देईल असं वाटत नाही.