कॅमेऱ्याकडे कोणी पाहू नये

नेर,
पोळ्याच्या आठ दिवस आधी

तीर्थस्वरूप पुंडलिकराव दादा यांना,

नात्यानं मी तुमच्या घरचा जावई, म्हणजे पहिला नमस्कार तुमच्याकडून यायला हवा. पण वयानं तुम्ही नऊ वर्षांनी मोठे, म्हणून या खेपेला माझाच घ्या. गुडघा कसा आहे? वणीच्या कोळशाच्या धुळीनं खोकला वाढला असेल तर ज्येष्ठमध चघळा, असं तुमची बहीण कोकिळा म्हणते. (मी म्हणतो, विडी सोडा. पण जावयाचं ऐकतो कोण?) आम्ही सगळे मजेत आहोत. सून प्रेरणा तुमची आठवण काढते.

पत्राचं कारण तुम्ही ओळखलंच असेल. मागच्या पोळ्याला तुम्ही तुमचा जाडजूड कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात आणि चारचौघांत अट टाकलीत, की मास्तर, बारा महिने, बारा फोटो. नेरची वर्दळ आणि आजूबाजूची रानं, सगळ्या ऋतूंतली. आणि एकाही फोटोत कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नसावं. जमलं तर कॅमेरा तुमचा, नाही तर पुढच्या पोळ्याला परत. तर दादा, पोळा आला आहे. कॅमेरा माझ्या उशाशी आहे आणि तो तिथून हलू नये अशी माझी इच्छा आहे. काम उत्तम झालं आहे यात शंका नाही. फक्त थोडा खुलासा करावा लागेल.

सुरुवात मी रानापासून केली. भादव्यात तीन दिवस पाऊस झोडपून गेला होता, सोयाबीनच्या तासांमधून पाणी चमकत होतं, वर ढग फाटून ऊन पडलेलं. असा देखावा सोडणारा मी नव्हे. बांधावर उभा राहून एक डोळा मिटला, तर लांबून एक गडी चिखल तुडवत धावत आला. शाम त्याचं नाव. "साहेब, इकून काढा, इकून पानी जास्त दिसते!" आपल्याकडे पावसानंतर वावरात जो कोणी फोटो काढतो तो पंचनाम्याचाच माणूस असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी म्हटलं, बाबा, मी साधा मास्तर, हौसेनं काढतो. तो म्हणाला, "सारे साहेब आधी असंच म्हनते." अर्ध्या तासात बांधावर अकरा जण जमले. प्रत्येकाच्या एका हातात उपटलेलं सोयाबीन, दुसऱ्या हातात आधार कार्ड, आणि नजर थेट तुमच्या कॅमेऱ्यात. नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ते सगळे फोटो मी तलाठी कार्यालयात नेऊन दिले, तेव्हा तिथल्या बाबूनं मलाच विचारलं की साहेब, तुमची बदली इकडे कधी झाली?

मग मी शहाणपणानं शहराकडे वळलो. कापसाचे दिवस, नेरचा बसस्टँड, पहाटेचं धुकं, गाठोडी घेऊन उभी माणसं. तुम्हाला सांगतो, ऐन मोक्याचा देखावा. पण इथे एक अडचण होती, जी तुमच्यासारख्या खाणीतल्या माणसाला कळायची नाही. या गावातली निम्मी माणसं माझे विद्यार्थी. बत्तीस वर्षं मी ज्यांना "सरळ बस, इकडे पाहा" म्हटलं, त्यांच्यावर मी नुसती नजर टाकली तरी ती सरळ बसतात आणि इकडे पाहतात. कंडक्टरनं टोपी नीट केली. भाजीवालीनं पदर सारखा केला. चहावाला बबलू (सातवीत दोनदा बसलेला) ओतता ओतता थबकला. मी म्हटलं, अरे, तू आपलं काम कर, मी इथे नाहीच असं समज. "समजलो ना सर," म्हणाला, आणि मी नाहीच असं समजून किटली हवेत धरून तो इतका वेळ उभा राहिला की कपातल्या चहावर साय आली. गिऱ्हाइकं मला बोलली. बोलू देत. कलेच्या कामात असं चालायचंच.

फाल्गुनात मी माणसांचा नाद सोडून पळस काढायला गेलो. सगळी टेकडी लालभडक पेटलेली, चिटपाखरू नाही. इथे तरी कोण पाहणार कॅमेऱ्याकडे? बटण दाबलं आणि घरी येऊन पाहतो तर झुडपामागे एक रोही, चांगला घोड्याएवढा, मान वर करून, दोन्ही कान टवकारून उभा. आता रोही काही माझा विद्यार्थी नव्हता. पण अट ती अट. तोही फोटो मी बाजूला ठेवला. माझा प्रामाणिकपणा तुमच्या लक्षात यावा म्हणून मुद्दाम लिहिलं.

उन्हाळ्यात मात्र गाडी रुळावर आली. माझा जुना विद्यार्थी हिरासिंग म्हणाला, सर, आमच्या तांड्यावर या, मोठा लिंब आहे, खाली म्हातारी माणसं बसलेली असतात, कोणी तुमच्याकडे पाहणार नाही. गेलो. त्याची आई हंसाबाई माझ्या पुढ्यात येऊन बसली आणि हलेचना. तिचं म्हणणं असं, की तांड्यावर माणूस गेलं की पोरं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात आणि त्यालाच हार घालतात. "मास्तर, माह्या सासूच्या फोटोले हार घातला, तं बाई चोरी करताना सापडल्यावानी दिसते. मले तसं नाही टांगून राह्यचं. तू माहा चांगला काढ." हिरासिंग तिला "याडी, याडी" करत विनवत होता की सर दुसऱ्या कामाला आलेत. याडीनं ऐकलं नाही. ती घरात गेली, पेटीतला आरशांचा जुना घागरा आणि चांदीचं सगळं अंगावर चढवून आली, आणि तिनं कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की मीच सरळ उभा राहिलो.

ती बातमी आजूबाजूच्या गावांत पोचली. पुढच्या रविवारी लिंबाखाली सतरा म्हातारे-म्हाताऱ्या नंबर लावून बसल्या होत्या. प्रेरणा नावं लिहायला आली होती (मोबाइल घेऊन; आजकालच्या पोरींना वाटतं मोबाइलवरही फोटो निघतो), आणि कोकिळा शिदोरी घेऊन. सतरा झाले, तर अठरावी तुमची बहीणच स्टुलावर येऊन बसली. मी म्हटलं, तू कायले? ती म्हणाली, "आपल्या घरी माहा एकच फोटो हाय. लग्नातला. त्यात माही मान खाली हाय." दादा, मला वाईट वाटलं. इतक्या महिन्यांत मी रोहीसुद्धा टिपला आणि हिच्याकडे एकदाही कॅमेरा वळवला नव्हता. मग मी सावकाश, जीव लावून, दहा मिनिटं खपून तिचा फोटो काढला.

तो सोबत पाठवतो आहे. प्रेरणानं छापून आणला. वर्षभरातला हा एकच फोटो तुमच्या अटीत बसतो: कोकिळा कॅमेऱ्याकडे पाहत नाही, जराशी बाजूला पाहत खळखळून हसते आहे. बाजूला काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. तिच्या समोर तर मीच होतो.

वहिनींना नमस्कार. पोळ्याला तुम्ही याच.

तुमचा,
सदाशिव

ता. क. बाराच्या जागी एक, हे मला मोजता येतं. तेव्हा असं करू. हा फोटो तुमच्यानं परत पाठववला, तर त्याच पोस्टानं कॅमेरा परत येईल. ठेवून घेतलात, तर कॅमेराही माझ्याकडे राहिला.

दुसरा ता. क. येताना काळा कोट आणा. तुमचं आधार कार्ड मी पाहिलं आहे. पाकीट बंद करायला कोकिळेकडे देतो.

दादा, हे मी कोकिळा लिवून राह्यली. फोटो ह्यायनं नाही काढला. सतरा जनात कॅमेऱ्यातलं कार्ड भरून गेलं होतं, अन् हे नुसतंच बटन दाबत "हालू नको, हालू नको" करून राह्यले होते. मले हसू आवरेना. प्रेरणा बाजूले उभी होती, तिनं मोबाइलवर काढून घेतला. ह्यायले सांगू नको. अन् कॅमेरा मांगू नको. मी ह्यायच्याकडंच पाहून राह्यली होती. एक्केचाळीस वर्सांत हे माह्याकडं दहा मिन्टं एकसारखे पाहत होते, ते पयल्यांदाच.