‘एकटा राहतो’ असे लिहून दिलेले घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सुतारकाम (हात थरथरू लागल्यापासून बंद), हे मृत्युपत्र शुद्धीत राहून लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. बाहेरच्या कोणाचे दडपण नाही. मनावर आहे, ते कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. रंधे, पटाश्या आणि करवती शेजारच्या कुलूपवाल्याला द्याव्यात. लहान करवत चार वर्षे त्याच्याकडेच आहे. ती त्याने आता आपली समजावी, तशी तो समजतोच.

कलम दोन. धाकट्या भावाला माझे जुने स्टूल. “ताईला तू पोसतोस, धन्य आहे तुझी,” असे तो दर भेटीत म्हणे आणि मी ऐकून घेई. खरे तर माझी बायको गेल्यापासून एकतीस वर्षे आमची थोरली बहीण या घरात राहून माझे सगळे करते आहे. मी त्याचे बोलणे कधी खोडून काढले नाही, कारण ऐकायला बरे वाटे.

कलम तीन. राहते घर व पासबुकातली शिल्लक ताईला. याचे कारण लिहिताना लाज वाटते.

न्हाणीघरात दोनदा पडलो, तेव्हा सरकारी अनुदानासाठी अर्ज केला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना धरायला दांडे, पायरीच्या जागी उतार असे घरात करून मिळते. “घरात आणखी कोण?” या रकान्यात मी “कोणी नाही” लिहिले. पाहणीच्या सकाळी ताईची खाट आणि कपडे कुलूपवाल्याकडे ठेवले, तिलाही तिथेच बसवले. पण माझ्या गोळीची वेळ झाली म्हणून ती परत आली. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारले, या कोण?

मी म्हणालो, “स्वयंपाकाची बाई.”

ताईने गोळी माझ्या हातावर ठेवली, पाणी दिले आणि म्हणाली, “भाजी चिरून ठेवलीय. मी निघते.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण गोळी गिळून मी साहेबांना न्हाणीघर दाखवायला नेले.

अनुदान मंजूर झाले. मी दांडा धरून उठतो. ताईचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत, पण ती दांड्याला हात लावत नाही, भिंतीच्या आधाराने जाते.

गेल्या आठवड्यात तिला सांगितले, घर तुझ्या नावे करतो, झाले गेले विसर. ती म्हणाली, “घर दे नाहीतर नको देऊ. त्या माणसाला सांग, मी तुझी कोण.” मी म्हणालो, मग दांडे काढून नेतील. “नेऊ देत. आधी तुला उचलत होते ना मी?”

माझ्या मागे हा कागद वाचला जाणे म्हणजे मी पुन्हा तोंड चुकवल्यासारखे. म्हणून डॉक्टरांकरवी साहेबांनाच साक्षीला बोलावले आहे. हे शेवटचे त्यांच्यासमोर लिहितो आहे. त्यांनी कलम तीन दोनदा वाचले. अनुदानाचे काय करायचे ते नियमाप्रमाणे करीन, म्हणाले. मग विचारले, “त्या कुठे आहेत?”

ताई दारात उभीच होती. मी म्हणालो, “ही माझी थोरली बहीण. इथेच राहते.”

ताई म्हणाली, “बसा साहेब. चहा टाकते.”

सही: सुतार
साक्षीदार: १. डॉक्टर २. पाहणी अधिकारी
दिनांक: नऊ मार्च
ठिकाण: आम्हा दोघांचे घर