बॅटरीवरची गन

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून समोर ट्र्र्र — ट्र्र्र! अभिमनची नट फिरवायची नवी गन. कॉम्प्रेसर नको, पाइप नको, खाली बॅटरी लावली की झालं. एका चाकाचे नट सोडायला मी घड्याळ लावलं. अकरा सेकंद! मला तेवढ्या वेळात नीट वाकताही येत नाही.

अकरा वर्षं हा माझ्या हाताखाली होता. पाना कुठे धरायचा, अंग कुठे टाकायचं, सगळं मी दाखवलं. आणि गॅरेज टाकलं ते रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या तोंडासमोर. अख्ख्या जळगावात याला दुसरी जागा मिळाली नाही!

माझे उस्ताद जीवराम मिस्त्री चाक आवळून झालं की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचे आणि रिमवर, व्हॉल्वच्या शेजारी, एक ठिपका टेकवायचे. म्हणजे हे चाक माझ्या जबाबदारीवर. तेच मी करतो. तीस वर्षं करतोय. मेहरूणमधला कुठलाही ड्रायव्हर ते पांढरं बोट बघून सांगेल की सुपडू मिस्त्रीचा हात लागलाय. अभिमनलाही शिकवलं होतं. वेगळा झाल्यावर त्यानं ते सोडलं. विचारलं तर म्हणे, "आबा, मी तमाकू खास नही." तंबाखू खात नाही म्हणून चुना नाही! वर हसला!

५ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी डॉक्टरकडे गेलो. मनगटात नस दबलीय म्हणाले. पकड कमी झालीय, आणखी होईल. पाना ओढणं बंद.

"मग खायचं काय?"

"मशीन घ्या एखादं," म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मशीन घ्या! जसं काही खिशात पैसे असून मी घेतलं नव्हतं इतके दिवस.

घरी काही बोललो नाही. पण प्रमिलाच्या नजरेतून काय सुटतंय! जेवताना म्हणाली, "तुम्ही पिळलेला टॉवेल हल्ली वाळतच नाही. पाणी गळत असतं." मी म्हटलं, टॉवेलच जाड आहे. ती उठली आणि टॉवेल पुन्हा पिळून आली. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

६ फेब्रुवारी

गन घ्यायची. दहा हजारांच्या आत. कोणी विचारलं तर सांगायचं की वेळ वाचतो म्हणून घेतली. मनगटाचं नाव काढायचं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारभर मोबाईलवर गनच बघितल्या. डोकं उठलं. साडेचार हजारांच्या गनवर लिहिलंय नऊशे न्यूटन मीटर! आणि नावाजलेल्या कंपनीच्या चौदा हजारांच्या गनवर साडेतीनशे. खोटं कोण बोलतंय? मग खाली बारीक अक्षरं वाचली. नऊशे म्हणजे नट सोडवायची ताकद. आवळायची किती, ते कुठेच नाही.

एक मात्र एकदम पसंत पडली. सहा हजार. घेऊनच टाकणार होतो. बरं झालं खालपर्यंत वाचलं. नुसती बॉडी! बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा. फोटोत मात्र सगळं लावून दाखवलंय. चोर साले.

संध्याकाळी चोपड्याचे बन्सीलालनाना आले. केळीची पिकअप. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आवाज करत होतं. बदलून दिलं. सहा नट, चुन्याचं बोट, गाडी मोकळी. नाना म्हणाले, "सुपडूभाऊ, तुमना हात लागना म्हंजे माले घोर नही." हे ऐकायला बरं वाटलं. मनगट रात्री जेवेपर्यंत ठणकत होतं.

९ फेब्रुवारी

काही नाही. मनगट शेकलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बन्सीलालनानांची पिकअप आज समोर उभी! मागचे दोन्ही टायर नवे टाकले, अभिमनकडे. पाच दिवसांपूर्वी माझ्या हाताचं कौतुक, आज तिकडे. जाताना माझ्याकडे बघून हात केला. "घाई व्हती भाऊ, धुळे मार्केटले जानं शे."

घाई! माझ्या हाताला घाई जमत नाही ना. मीही हात केला. तोंडावर हसू ठेवायला किती कष्ट पडतात ते लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एरंडोलच्या अलीकडे बन्सीलालनानांच्या पिकअपचं चाक निखळलं! चालत्या गाडीचं. चाक शेतात आणि गाडी चाकाविना नुसत्या हबवर घासत रस्त्याच्या कडेला. केळी सगळी रस्त्यावर. नानांचं खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला हेच खूप.

चौकातल्या टपरीवर बातमी आली तेव्हा मी तिथेच होतो. कुठलं चाक, हे विचारायची गरजच नव्हती. पाच दिवसांपूर्वी तिथं गन चालली होती, माझ्या डोळ्यांदेखत! मी सगळ्यांना समजावून सांगितलं. गननं नट आवळतात तेव्हा किती आवळला ते हाताला कळत नाही. नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, आतून मरतो आणि मग रस्त्यात तुटतो. हाताला कळतं. लोखंड हाताशी बोलतं.

सगळे ऐकत होते. कितीतरी दिवसांनी कोणी माझं इतकं ऐकलं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची मिरवणूक. गॅरेज बंद. टपरीवर पुन्हा तोच विषय. मी पुन्हा सांगितलं. दोन रिक्षावाले म्हणाले, आबा, आता आम्ही तुमच्याकडेच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नानांच्या पुतण्यानं पिकअप ओढत आणली आणि अभिमनच्या दारात लावली. भांडायच्या तयारीनं आला होता. रस्त्याच्या या बाजूनं गाडीची एकच बाजू दिसत होती, पण सगळं ऐकू येत होतं. तुझ्यामुळं काका मरता मरता वाचला, वगैरे. अभिमन चाकापाशी बसून बराच वेळ काहीतरी बघत होता. मग उठला, म्हणाला, "मी करी देस. पैसा नको."

हब, स्टड, नवी रिम, सगळं फुकट! म्हणजे कबूलच केलं की! निरपराध माणूस कशाला फुकट करेल? टपरीवर हेही सांगितलं.

प्रमिला म्हणाली, "तुमच्या हाताखालचा पोरगा आहे. एवढं कशाला बोलता?" मी म्हटलं, हाताखालचा होता म्हणूनच बोलतो. माझं नाव घालवलं त्यानं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

धुळ्याला जाऊन आलो, सकाळच्या एसटीनं. आग्रा रोडवर प्रेमराजशेठचं हत्यारांचं दुकान. मोबाईलवर चित्रं बघण्यापेक्षा हातात धरून बघावी म्हटलं.

माणूस बरा आहे, पण बोलतो फार. मी म्हटलं, सगळ्यात ताकदीची दाखवा. तर म्हणे, "तुम्ही ट्रक करता का? नाही ना? मग कार-पिकअपला साडेतीनशे न्यूटन मीटरची बस झाली. हजारवाली घेतली तर वजन वाढतं. दिवसभर ते वजन कोणाचं मनगट उचलणार?" मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. उगाच.

मग म्हणाला, बॅटरी चार अँपियरच्या खाली नको. सर्व्हिस सेंटर जळगावात आहे का ते आधी विचारा, नाहीतर बिघडली की खेळणं. नटावर बसणाऱ्या गोट्या काळ्याच घ्या, चकचकीत क्रोमच्या गननं फुटतात, तुकडा डोळ्यात जातो. हे सगळं पटलं.

पण शेवटी म्हणे, "गननं नट नुसते बसवा. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं, नट पुरता आवळला की तो टक् वाजतो. ही लहान गन आणि टॉर्क रेंच, दोन्ही तुमच्या बजेटमध्ये बसवून देतो. मोठी गन घेतली तर रेंच बसणार नाही."

मी हसलो. म्हटलं, शेठ, माझा हातच टॉर्क रेंच आहे. तीस वर्षं.

तर त्यानं दुकानातल्या टेबलावर एक हब ठोकून ठेवलाय, तिथे नेलं. पाना दिला. आवळा म्हणाला, चाकाचा आवळता तसा. मी आवळला. अंग टाकून, दात दाबून आवळला. मग त्यानं रेंच लावला, सांगितलं की एकशे दहावर टक् वाजेल. आणि फिरवला. माझा नट फिरला! पाव फेरा गेला, आणखी गेला, मग कुठे टक्.

"थोडा ढिला राहिला आबा," म्हणाला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

रेंच बोगस! दुकानात येईल तो हाताळतो, बिघडला असणार. मी तोंडावर तसं सांगितलं. शेठ गल्ल्याकडे गेला.

मोठी गन घेतली. एक बॅटरी, दोन काळ्या गोट्या. रेंच नको म्हटलं.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत पिशवी मांडीवर. तिथून पुढे खाली ठेवली. जड आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गन झकास! जुना गंजलेला नट, ज्याला पूर्वी रॉकेल पाजून दुपारभर ठेवायचो, तो तीन सेकंदांत सुटला. पोटात गुदगुल्या झाल्या. लगेच रागही आला. हे इतकं सोपं होतं?

टपरीवर एकानं टोमणा मारला. "काय आबा, गननं स्टड मरतात ना?" मी म्हटलं, चालवणाऱ्यावर असतं! चुन्याचं बोट आता मी गनच्या कामावरही लावतो. लोकांना दिसलं पाहिजे.

४ मार्च, मंगळवार

समोर दिवसभर एक गाडी नाही. अभिमन बाकावर बसून गनची बॅटरी फडक्यानं पुसत होता. तीच ती पुन्हा पुसत होता. त्याच्या बायकोनं डबा आणला तेव्हा त्यानं हात हलवून नको म्हटलं.

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, थोडा. लिहायचंच तर खरं लिहितो. मग जेवण गेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

ऐकलं की अभिमन गॅरेज बंद करून पारोळ्याला सासऱ्याकडे जाणार. जाऊ दे. ज्याच्या हातात कस नाही त्यानं चाकाला हात लावू नये.

९ मार्च, रविवार

संध्याकाळी अभिमन आला. रस्ता ओलांडून, दीड वर्षानं पहिल्यांदा. हातात गोणी, आत काहीतरी जड, गोल. माझ्या दाराशी ठेवली. मी स्टुलावरून उठलो नाही.

"आबा, हात कसा शे?"

मी म्हटलं, माझ्या हाताला काय झालंय?

तो माझ्या मनगटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाई तुमनं शे. उद्या मी गाव जाई राह्यनू. कोनले दावेल नही मी." आणि वाकून पायाला हात लावला! मला पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही.

कोणाला दाखवलं नाही म्हणे. नाटकं! माझी कुठलीतरी जुनी हत्यारं उचलून नेली असतील, ती परत करतोय. गोणी तशीच कोपऱ्यात लोटली. उघडायची इच्छा नाही.

१० मार्च, सोमवार

गोणी सोडली. बन्सीलालनानांची जुनी रिम. मागची नाही. पुढची, डावी.

नटांची सहाही भोकं झिजून लांबट झालीत. नट ढिले असले की अशीच होतात. आणि व्हॉल्वच्या शेजारी चुन्याचं बोट. माझं.

तीन आठवडे तो गप्प बसला, आणि तीन आठवडे मी बोलत होतो.

समोर टेम्पोत त्याचं सामान चढतंय. टपरीवर आत्ता सगळे असतील. शर्ट घालतो. रिम बरोबर नेतो.