पावणेसव्वीस अधिक तीन

३ मार्च, सकाळ
आई शनिवारी हॉस्पिटलमधून घरी येणार. व्हीलचेअरवर. डॉक्टरांना तिने एवढंच विचारलं म्हणे, बाथरूमला माझी मी जाऊ शकेन ना? जाशील, आई. बाथरूमचं दार रुंद करून घेतोय. मापं मीच काढणार. बायको म्हणाली, मिस्त्रीला काढू दे. हसलो.

४ मार्च
खुर्ची आणली, मोजली. रुंदी पावणेसव्वीस इंच. चाकं फिरवताना हाताला दोन्हीकडे दीड-दीड इंच, म्हणजे तीन. तोंडी बेरीज म्हणजे अंदाजपंचे काम. लेकीच्या सहावीच्या पुस्तकात शास्त्रशुद्ध रीत आहे. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा आधी अंशाधिक अपूर्णांक करायचा. पावणेसव्वीस म्हणजे १०३/४. वर तीन मिळवले, १०६/४. म्हणजे साडेसव्वीस. पाच मिनिटांत!
लेक म्हणाली, बाबा, तीनचे आधी चौथे भाग करायचे, बारा होतात. म्हटलं, तीन ते तीनच. पोरीचं गणित फारच कच्चं आहे. उद्यापासून रोज एक तास शिकवणार.

५ मार्च
मिस्त्रीला चिठ्ठी दिली. खाली सही. तो म्हणाला, साहेब, जरा कमी नाही वाटत? म्हटलं, गणित केलंय. त्याने चिठ्ठी खिशात घातली.
लेकीचा तास राहिला. दमलो होतो.

७ मार्च
चौकट बसली, फरशाही लागल्या. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला, महिनाभर येणार नाही. गरजही नाही. रिकामी खुर्ची ढकलून पाहिली. झकास गेली! बायको काहीच बोलली नाही. कौतुक करायचा तिचा स्वभावच नाही.

८ मार्च, दुपार
आई आली. आल्या आल्या म्हणाली, सरका सगळे, मी एकटी जाते. चाकांवर हात ठेवून निघाली. दारात दोन्ही हातांची बोटं चौकटीला घासली. सालटी निघाली, रक्त आलं. ओरडली नाही. मलम लावलं. लाकूड फुगलं असणार.

८ मार्च, संध्याकाळ
टेपने मोजलं. बरोबर साडेसव्वीस. मग खुर्ची फुगली? लोखंडाची आहे.

९ मार्च
लेकीची वही सहज उघडली. तेच गणित तिने शाळेत करून दाखवलंय. तीन म्हणजे १२/४. १०३ अधिक १२, ११५. बाईंनी बरोबरची खूण केलीय. पुढचं उत्तर वाचलं नाही. बाईंना एकदा भेटायला हवं.

११ मार्च
आई आता हात मांडीवर ठेवते, मी ढकलतो. आम्ही दोघं कामावर गेलो की ती पाणीच पीत नाही. संध्याकाळी बाटली तशीच भरलेली.

१२ मार्च
आईजवळ बसलो. अंशाधिक अपूर्णांक हा प्रकार किती किचकट असतो, कुणाचीही चूक होऊ शकते, हे समजावू लागलो. तिने मधेच विचारलं, खुर्ची केवढी रे? म्हटलं, पावणेसव्वीस. आणि हाताला? तीन.
"मग पावणेएकोणतीस," आई म्हणाली. तोंडी. चौथीपर्यंत शिकली आहे ती.
तिने पट्टी बांधलेले हात मांडीवर घेतले.
म्हणाली, "चल, ने मला."