शिंगाची मूठ

मूल,
दि. ९ डिसेंबर २०२४

प्रिय मनसाराम यांस,
सप्रेम नमस्कार.

आपणाकडे सर्व कुशल असेल. धानाची मळणी आटोपून तळ्यावरची मासेमारी सुरू झाली असेल, असे गृहीत धरतो. माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक स्वतः करतो. भात जमतो, वरण अद्याप जमत नाही.

आपल्या लेकीने, पुनमने, आणून दिलेला चाकू मिळाला. गोकुळा गेल्यानंतर तिचा हा घडीचा चाकू मी भांड्यांबरोबर रात्रभर पाण्यात ठेवला आणि स्वच्छतेच्या कल्पनेने दिवसभर उन्हात वाळवला. मूठ तडकली. आपल्या बहिणीच्या वस्तूची ती दशा पाहून आपण रागावला नाहीत. "भाऊजी, लाकूड आहे ते, मासोळी नाई. पाण्यात काऊन ठेवता?" एवढेच म्हणालात. ती गेल्यानंतर या घरात मी प्रथम हसलो तो त्या दिवशी. त्याबद्दलचे आभार राहून गेले होते, ते येथे मानतो.

नवी मूठ उत्तम बसली आहे. तेंदूच्या गाभ्याचे ते काळे लाकूड आपण दोन वर्षे छपराखाली सावलीत वाळवले होते, असे पुनमने सांगितले. ओल्या लाकडाची मूठ पुढे आक्रसते आणि तिचे खिळे ढिले पडतात, हेही तिनेच मला समजावले. आपल्या सूचना मी लिहून ठेवल्या आहेत. वापरल्यावर पुसून लगेच कोरडी करतो. महिन्यातून एकदा जवसाचे तेल बोटाने चोळायचे आणि जास्तीचे टिपून घ्यायचे. पहिला हात काल दिला. लाकूड तेल पीत असताना त्याचा रंग खुलतो, ते पाहत बराच वेळ बसलो होतो.

परवा फोनवर आपण विचारलेत, "पुढच्या खेपेले म्हशीच्या शिंगाची बसवून देऊ का? आमच्या बाईले तेच आवडे." रेंज गेली असे समजून आपण फोन ठेवलात. रेंज होती.

पहिल्या मुठीची हकिकत आपणास ठाऊक आहे, परंतु अर्धी. म्हातारी म्हैस मेली तेव्हा आपल्या वडिलांनी, मुखरूबाबांनी, तिचे शिंग घासून स्वतःच्या हाताने ती मूठ लेकीसाठी घडवली होती. २०१३ साली वनखात्याची तपासणी सुरू झाली आणि मी घाबरलो. ते शिंग सांबराचे आहे, असे मी ठरवून टाकले. आपल्या अंगणात, चार माणसांसमोर, मी बाबांना विचारले की शिकारीचा माल लेकीच्या घरी का देता. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, म्हैस होती आमची. तुमच्या लग्नातला चाय तिच्याच दुधाचा होता." असे सगळेच सांगतात, हे माझे उत्तर होते. त्यानंतर बाबांनी माझ्या घरी पाणीही घेतले नाही. दोन वर्षांनी ते गेले.

आता उरलेली अर्धी हकिकत सांगतो.

त्याच संध्याकाळी मी खिळे उपटून मुठीचे दोन्ही तुकडे चुलीत घातले. ते आधी मऊ पडले, मग वळले, आणि त्यांचे पापुद्रे सुटू लागले. सांबराचे शिंग आतून हाडासारखे सच्छिद्र असते, हे मी बावीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. येथे एकही छिद्र नव्हते. जळक्या केसांचा वास स्वयंपाकघरभर पसरला. म्हणजे बाबा खरे बोलले होते, हे मला त्या क्षणी कळले. गोकुळा दारात उभी होती. गुराढोरांत वाढलेल्या तिला तो वास कळला नसेल, हे संभवत नाही. ती म्हणाली, "आता कशाची बसवू, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "लाकडाची."

दुसऱ्या दिवशी येऊन बाबांची क्षमा मागता आली असती. दोन वर्षे मी उद्या जाऊ, उद्या जाऊ असे करीत राहिलो आणि ते गेल्यावर हा विषय संपला, अशी स्वतःची समजूत घातली. गोकुळेने तो कधीच काढला नाही. तिला काही कळले नसावे, असे मानणे मला सोयीचे होते. आता एकट्याने भाजी चिरताना कळते की ती मला मुदत देत होती. अकरा वर्षे दिली. एवढा धीर माझ्यासाठी कोणी धरला, याची कृतज्ञता तिला सांगायची राहून गेली. म्हणून आपणास सांगतो आहे.

हे पत्र आपल्या आईंना, इंदुताईंना, वाचून दाखवावे. माझी भाषा त्यांना जड जाईल, तेव्हा आपल्या बोलीत सांगावे. मात्र काही वगळू नये. रविवारी सकाळी मी येत आहे. त्या वेळी अंगणात जे होते, त्यांपैकी जितके हयात असतील तितक्यांना बोलवावे. त्यांच्यासमोर मी माझे शब्द मागे घेईन. इंदुताई परत जा म्हणाल्या, तर न बसता परत फिरेन. शिंगाच्या मुठीविषयी आपण जे विचारलेत, ते त्यानंतरही आपणास विचारावेसे वाटले, तर उत्तर देईन.

सहीवरचे नाते लिहिण्याचा अधिकार रविवारनंतर उरेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून आज लिहून घेतो.

मुखरूबाबांचा जावई,
धनराज