गोळ्यांऐवजी दही

प्रिय धाकट्या,

सकाळपासून तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू गेलं, एकदा तुझ्या भावोजींना चष्मा सापडेना (डोक्यावरच होता), आणि तिसऱ्यांदा काहीच झालं नव्हतं, तरी उठले. काल वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. तुझ्या उशीच्या अभ्र्यात बावीस गोळ्या निघाल्या. अकरा दिवसांच्या. आणि जेवताना तू फक्त दही मागतोस म्हणे, शेजारच्या खाटांच्या वाटचंसुद्धा.

हे सगळं त्या तपासणीपासून सुरू झालं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या आतड्यातले जिवाणू इतरांपेक्षा वेगळे असतात का, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं आणि तुलनेला धडधाकट सख्खं भावंड हवं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला धडधाकट म्हटलं, आणि मागितलं काय, तर शौचाचा नमुना! ती डबी थंड ठेवायची म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळून मी ऑफिसच्या फ्रिजमध्ये अगदी मागे सरकवली. जेवणाच्या सुट्टीत आमचे हेडक्लार्क विचारायला लागले, ताई, आज काय खास लपवलंय? म्हटलं, घरचंच आहे. हे ऐकून तू फोनवर खो खो हसलास. कित्येक वर्षांत तुझं तसं हसणं कानावर पडलं नव्हतं. मला त्याची चटकच लागली.

काल डॉक्टरीणबाईंना गाठून पुन्हा सगळं विचारलं. पोट आणि मेंदू यांच्यात निरोपांची ये-जा असते, हे खरं. जिवाणूंत फरकही दिसतो. पण त्या फरकानं आजार होतो, की आजारानं, खाण्यानं, गोळ्यांनी तो फरक पडतो, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दह्यानं कानातले आवाज थांबतात, असं त्या कधीच म्हणालेल्या नाहीत. ते आवाज परत आलेत ना रे? दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतोस, असं सिस्टर सांगत होत्या.

भेटायला आले तर तू दाराला पाठ लावून उभा राहतोस, आणि फोनवर बोलते ती मी नव्हेच, कुणीतरी माझी नक्कल करतं, असं सर्वांना सांगतोस. माझ्या किरट्या अक्षराची नक्कल मात्र कुणाला जमायची नाही, म्हणून हा कागद. त्या दिवशी फोनवर मीच होते. ‘डोकं शाबूत आहे तुझं, बिघाड सगळा पोटात. गोळ्या कसल्या गिळतोस, दही खा,’ हे मीच म्हणाले. पुन्हा एकदा तुला हसवायला. तू हसला नाहीस, तेव्हा मला वाटलं, विनोद फसला. तू तो औषधासारखा घेतलास. आता तेवढा बंद कर, आणि आज संध्याकाळच्या दोन्ही गोळ्या सिस्टरांसमोर गीळ. माझ्यावर हवा तेवढा राग धर. तो गोळ्यांबरोबर चालतो, मी विचारून घेतलंय.

तुझीच,
तोंडाळ ताई